गादीवरचा भूगोल

२०२० च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील दहावीची परीक्षा संपत आली होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा शिल्लक राहिला होता. कोरोनाच्या साथीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. मुलांना आनंद झाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु पालकांपैकीही फारशा कोणाला त्याची खंत वाटली नाही. गणिताचा पेपर रद्द झाला असता, तर घरोघरी चर्चा झाली असती. भूगोलाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

व्यापारी घरांत या विषयाचे स्थान असेच आहे. दहावीला सामाजिक शास्त्रांच्या १०० गुणांपैकी ४० गुणांचा लेखी पेपर भूगोलाचा. दोन तासांचा पेपर, आदल्या दिवशीची तयारी आणि निकालानंतर कायमचा विसर. पुढे वाणिज्य शाखेलाच जायचे, मग नद्या आणि पर्वत कशाला, असा प्रश्न वडीलधारी मंडळीही विचारतात. ज्या घराचे पोट भूगोलावर चालते, त्या घरात हा प्रश्न विचारला जावा, ही खरी आश्चर्याची गोष्ट आहे.

तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या घरी मार्च महिन्यात दिसणारे एक चित्र पाहावे. नात अभ्यासाला बसलेली असते आणि आजोबा फोनवर विचारत असतात, "कवठेमहांकाळकडे आभाळ आलंय का? शेडवर माल किती आहे?" फोन ठेवल्यावर ते नातीकडे वळतात. "उद्या कसला पेपर गं?" "भूगोलाचा, आजोबा. त्यात काही विशेष नाही, रात्रीत होईल." आजोबाही मान डोलावतात. आपण आत्ता फोनवर जे बोललो तोच तिचा धडा होता, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

हा धडा पर्जन्यछायेच्या प्रदेशाचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर भरपूर पाऊस देतात. पलीकडे उतरताना ते कोरडे होत जातात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी हे तालुके पाण्यासाठी तळमळतात. परंतु याच कोरड्या हवेत द्राक्षे शेडमध्ये सुमारे दोन आठवड्यांत उत्तम वाळतात. कोकणात द्राक्षाचा बेदाणा होणार नाही. निसर्गाने पाऊस नाकारलेल्या भागाने त्या नकारातूनच बाजारपेठ उभी केली. नातीने 'भौगोलिक कारणे द्या' या प्रश्नाखाली जे उत्तर पाठ केले, त्यावर आजोबांची पेढी उभी आहे.

दुसरे उदाहरण साखरेचे. सध्याच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांचा तुलनात्मक अभ्यास आहे. ब्राझीलचे आपल्याला काय, असे अनेकांना वाटते. परंतु ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा साखर निर्यातदार देश आहे. तो बहुतांशी दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपले कारखाने साधारण नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने चालतात, तर ब्राझीलच्या मुख्य ऊसपट्ट्यात एप्रिल ते नोव्हेंबर या काळात गाळप होते. म्हणजे आपला हंगाम संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, दक्षिण ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून पिकांवर दव गोठले. ऊस आणि कॉफी दोन्हींचे नुकसान झाले आणि जगभर कॉफीचे दर चढले. गोलार्ध आणि ऋतू यांचा संबंध ज्याला उमगला, त्याला जुलैमध्ये थंडी कशी, असा प्रश्न पडणार नाही. तो बातमी वाचून मालाचा विचार करू लागेल.

जैन कुटुंबांना तर ऋतुचक्राशी जोडलेले जीवन नवे नाही. पावसाळ्यात जमिनीवर जीवसृष्टी वाढते, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात. आपले धार्मिक वर्ष मान्सूनच्या आगमनाशी आणि निर्गमनाशी बांधलेले आहे. घरात हे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. शाळेच्या पुस्तकातील मान्सून मात्र मुलांना परका वाटतो.

येथवर गोष्ट केवळ जाणकारीची झाली. भूगोल न वाचण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे कृष्णाकाठाने अनुभवले आहे.

सांगलीजवळचे हरिपूर हे कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावरचे गाव. तेथील मातीचा गुण असा की जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. विजेशिवाय आणि शीतगृहाशिवाय चालणारी ही साठवण सांगलीच्या हळद बाजाराचा मोठा आधार होती. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि ही परंपरा जवळजवळ संपली. नद्यांनी आणून टाकलेल्या ज्या गाळाच्या मातीने पेव दिले, त्याच नद्यांच्या पाण्याने ते बुडवले.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. त्यानंतर अनेकांनी तीच खूण प्रमाण मानली आणि दुकानातील माल त्या खुणेच्या वर ठेवला की आपण सुरक्षित, असा समज करून घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. गणपती पेठेसह मोठी बाजारपेठ बुडाली. वर उचलून ठेवलेला मालही भिजला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी बाजारात आले.

या काळात एक वाक्य वारंवार ऐकू येत असे, "इथे तर एवढा पाऊसच नाही, मग पूर कसा?" त्याचे उत्तर सातवी ते नववीच्या पुस्तकांत विखुरलेले आहे. शहराला येणारा पूर शहरातल्या पावसाने येत नाही. तो नदीच्या वरच्या बाजूच्या साऱ्या पाणलोट क्षेत्रातून येतो. कृष्णेला कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. महाबळेश्वर, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतील पाऊस एकाच वेळी खाली उतरला, तर सपाट मैदानात पसरण्याखेरीज त्याला मार्ग नसतो. समोच्च रेषा वाचता येणाऱ्या मुलाला हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. रेषा जवळजवळ असतील तर तीव्र उतार, दूरदूर असतील तर सपाटी. पाणी सपाटीवर थांबते.

शासनाचा जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची शंभर वर्षे निश्चिंती असा मुळीच नाही. दरवर्षी त्या पुराची शक्यता १ टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. एका पिढीचा व्यापार ३० वर्षांचा धरला, तर त्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेपर्यंतच्या पुराच्या बाबतीत तीच शक्यता सुमारे ७० टक्के आहे. व्याजाचा पाव टक्का वाचवण्यासाठी चार बँकांचे उंबरठे झिजवणारा व्यापारी गोदाम घेताना या दोन रेषा पाहत नसेल, तर त्याचा हिशेब अपुरा आहे. जागेची किंमत, सातबारा आणि रस्त्याची रुंदी पाहताना पूररेषेचा नकाशाही पाहावा. मालाच्या विम्यात पुराचा समावेश आहे का आणि पॉलिसीवर त्याच गोदामाचा पत्ता आहे का, हेही तपासावे.

मग शाळेत हे का उमटत नाही? दोष विषयाचा नाही, शिकण्याच्या रीतीचा आहे. नकाशा समजून घेण्याऐवजी तो भरण्याचा सराव होतो. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. परंतु अनेकदा ही क्षेत्रभेट वहीतच पार पडते. कोणीतरी लिहिलेला अहवाल उतरवला जातो आणि गुण मिळतात. नववीच्या पुस्तकात व्यापार, वाहतूक, आंतरराष्ट्रीय वाररेषा असे पाठ आहेत. हे पाठ वाचून मुलाने रात्री जेवताना वडिलांना एक प्रश्न जरी विचारला, तरी शिक्षकांचे अर्धे काम होईल.

ही उणीव भरून काढणे व्यापारी घराला सर्वांत सोपे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला आपल्या दुकानातील एकच वस्तू निवडू द्यावी. हळद, बेदाणा, कापड, पोलाद, काहीही. ती कोणत्या मातीत किंवा खाणीत निर्माण झाली, तेथेच का झाली, कोणत्या रस्त्याने किंवा बंदरातून आली, वाटेत भाड्याचा खर्च किती झाला आणि पाऊस लांबला तर तिच्या भावाचे काय होते, हे त्यांनी नकाशासह चार पानांत लिहावे. हीच खरी क्षेत्रभेट. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आता सहज मिळतात. आपल्या गावाचा नकाशा घेऊन त्यावर घर, दुकान, गोदाम आणि नदी शोधावी. निळा रंग पाण्याचा, तपकिरी रेषा उंचीच्या, एवढे कळले तरी नकाशा बोलू लागतो. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यावर जुन्या पुरांच्या खुणा दाखवाव्यात. आजोबांना माहीत असलेली पाण्याची पातळी आणि नातीला येणारी समोच्च रेषा एका कागदावर आली, की दोघांचेही ज्ञान पूर्ण होते.

जुन्या पिढीतील अनेकांनी वाणिज्य शाखेत 'वाणिज्य भूगोल' हा विषय अभ्यासला आहे. व्यापार शिकणाऱ्याला माल कोठून येतो हे ठाऊक असावे, ही त्यामागची साधी जाणीव होती. आज वाहतूक व्यवस्थापन, विमा, शेतमालाचा व्यापार, नगररचना अशा अनेक क्षेत्रांत संगणकावरील नकाशे वाचणाऱ्यांची गरज आहे. परंतु नोकरीसाठीच भूगोल शिकावा असे नाही. वडिलोपार्जित पेढी सांभाळणाऱ्यालाही तो तितकाच हवा.

मुलांच्या गुणपत्रिकेत भूगोलासमोर किती आकडा आहे, एवढेच पाहून पालकांनी थांबू नये. पुढच्या वेळी नवी जागा घेण्याचा विषय घरात निघेल, तेव्हा दहावीत शिकणाऱ्या मुलीलाही बैठकीत बसवावे आणि तिला विचारावे, "पाणी कोणत्या बाजूने येईल, सांग बरं." तिला उत्तर देता आले, तर तिचा भूगोलाचा अभ्यास झाला असे खुशाल समजावे.