न जुळलेले हाड

"साहेब, सात महिने झाले, प्लास्टर दोनदा बदललं, तरी पाय टेकवला की आतून हलतंय." कुबडी बगलेत धरून असे सांगणारे रुग्ण पूर्णेत आम्हाला अधूनमधून भेटतात. बहुधा मोटारसायकलचा अपघात असतो आणि मोडलेली असते नडगी.

हाड मोडले की तेथे रक्त साचते, त्या जागी कोवळे हाड धरते व हळूहळू ते पक्के होते. नडगीला यासाठी चार-पाच महिने लागतात. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या एक्स-रेत काहीच फरक दिसत नसेल, तर हाड जुळायचे राहिले असे पुस्तकात मानतात. जाणकार अस्थिरोगतज्ज्ञ मात्र तोवर थांबत नाहीत.

नडगीच का? तिच्या पुढच्या बाजूला नुसते कातडे असते, मांस नाही. खालच्या भागाचा रक्तपुरवठाही बेताचाच. त्यात उघड्या जखमेतून जंतू शिरले, मधुमेह असला किंवा हाडवैद्याने चोळून मोडलेली टोके पुन्हापुन्हा हलवली, की बिघडलेच. आणि तंबाखू! बिडी असो की मळलेली चिमूट, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ऑपरेशनचा खर्च करणारा माणूस पुडी मात्र सोडत नाही, हे आमचे नेहमीचे दुखणे.

एक्स-रेत टोकांभोवती भरपूर नवे हाड दिसत असेल आणि मध्ये फट असेल, तर रक्तपुरवठा चांगला आहे, फक्त स्थिरता हवी. अशा वेळी जुना रॉड काढून जाड रॉड घालतात. टोके बारीक व सुकलेली असतील तर ती तासून ताजी करतात, कमरेच्या हाडाचे तुकडे काढून तेथे भरतात आणि पट्टी किंवा रॉडने घट्ट बसवतात.

खरी कसोटी लागते ती पू वाहत असेल तेव्हा. आतले लोखंड काढावे लागते, मेलेले हाड कापून टाकावे लागते आणि मध्ये चार-पाच सेंटिमीटरची पोकळी राहते. येथे इलिझारोव यांची रिंग उपयोगी पडते. सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. ऑलिम्पिक विजेता उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातात पाय मोडून बसला होता. इलिझारोव यांनी त्याचा पाय वाचवल्यावर त्यांचे नाव झाले. आपल्याकडे अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीत मोठे काम केले आहे. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हापासून तिकडे जाणे सोपे झाले.

या पद्धतीत हाडातून ताणलेल्या तारा घालून बाहेरच्या कड्यांना बांधतात. मग चांगल्या भागात हाड कापून साधारण आठवडाभर थांबतात. त्यानंतर नट फिरवून कापलेला तुकडा रोज एक मिलिमीटर सरकवायचा, तोही चार वेळा पाव-पाव करून. मागे पडणाऱ्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड भरते. पाच सेंटिमीटर सरकायला पन्नास दिवस पुरतात, पण ते हाड टणक व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ जातो. रिंग आठ-नऊ महिनेही राहू शकते.

हे दिवस सोपे नसतात. नट घरच्यांनाच फिरवावे लागतात. तारांची भोके रोज स्वच्छ करावी लागतात, नाहीतर तेथे पू धरतो. पाऊल खाली झुकू नये म्हणून घोट्याचा व्यायाम हवा. तज्ज्ञांनी सांगितले की रिंगसह चालायचे, कारण भार पडल्याने हाड पक्के होते. पँटची एक शिवण शिंप्याकडून आधीच उसवून घ्यावी.

खर्चाची धास्ती असेल तर नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवावे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, तेही विचारावे. जाताना पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे न्यावेत. हाड पुढे सरकते आहे की थांबले आहे, हे जुन्या-नव्या फिल्म शेजारी ठेवल्यावरच कळते.