गुणपत्रिकेबाहेरची पाठदुखी

'सर, हे परीक्षेला आहे का?' हा प्रश्न ज्याने ऐकलेला नाही असा शिक्षक महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. उत्तर नकारार्थी आले की वह्या मिटतात. विद्यार्थ्यांच्या या हिशेबीपणाला नावे ठेवण्याची आपली रीत आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्यात काही अस्वाभाविक वाटू नये. विद्यार्थ्याजवळचा वेळ मर्यादित असतो आणि जेथे त्याचा मोबदला अधिक तेथे तो खर्च होतो. गुण ही शिक्षणव्यवहारातील किंमतच होय. प्रश्न एवढाच की, या किमती समाजाच्या गरजेशी इमान राखून ठरतात काय? वैद्यकीय शिक्षणात हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. तेथे चुकीच्या किमतीचे देणे परीक्षार्थीही फेडत नाही आणि परीक्षकही फेडत नाही. ते रोग्याच्या माथी येते. हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या विकारांचे शिक्षण हे याचे ठळक उदाहरण आहे.

पंचवीस प्रश्नांची कसोटी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केविन फ्रीडमन आणि जोसेफ बर्नस्टाईन यांनी या शिक्षणाची एक साधी कसोटी घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी घेऊन नुकत्याच रुग्णालयात रुजू झालेल्या ८५ डॉक्टरांना हाडा-सांध्यांच्या विकारांवरील २५ मूलभूत प्रश्न देण्यात आले. उत्तीर्णतेची रेषा अस्थिरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे प्रमुख असलेल्या तज्ज्ञांच्या मतांवरून ठरली होती, ती ७३.१ टक्के होती. ८५ पैकी ७० जण, म्हणजे ८२ टक्के, अनुत्तीर्ण झाले. सरासरी गुण ५९.६ टक्के पडले. तज्ज्ञ आपल्या विषयाला नेहमीच कडक माप लावतात, असा आक्षेप यावर घेता येईल. तोही तपासून झाला. त्याच प्रश्नांसाठी मेडिसिन विषयाच्या प्रशिक्षणप्रमुखांकडून रेषा ठरवून घेतली तेव्हा ती ७० टक्क्यांवर आली, आणि तरीही ७८ टक्के डॉक्टर नापास ठरले. हा दुसरा निष्कर्ष २००२ सालचा.

प्रश्न अडवणुकीचे होते म्हणावे तर तसेही नाही. एक माणूस तळहातावर पडतो, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबले की कळ येते, पण क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही. हे काय असावे? तेथे होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड असते आणि त्याची चीर पहिल्या चित्रात अनेकदा उमटत नाही. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते वेळीच प्लास्टरमध्ये ठेवले नाही तर जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होऊ शकते. दुसरा प्रश्न असा की, रोग्याला झोपेतून जागे करणारी कंबरदुखी असेल तर डॉक्टरने कोणत्या दोन शक्यता मनात धराव्यात? उत्तर आहे गाठ आणि जंतुसंसर्ग. सुजलेल्या, तापलेल्या गुडघ्यात पू झाला आहे की साधा संधिवात आहे, हे कसे ओळखावे? सुईने सांध्यातील पाणी काढून ते तपासावे. कारण पू राहिला तर काही दिवसांत कूर्चा नासू लागते. गावातल्या कोणत्याही दवाखान्यात येणारे हे रोगी आहेत.

अज्ञानाचे मूळही फार खोल खणावे लागत नाही. अमेरिकेतील १२२ वैद्यकीय महाविद्यालयांची जी पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ निम्म्या महाविद्यालयांत या विषयाचा कोणताही स्वतंत्र अभ्यासक्रम किंवा रुग्णालयीन पाळी सक्तीची नव्हती, असे आढळले. पाळी सक्तीची असलेली महाविद्यालये तर सुमारे एक-पंचमांशच होती.

मृत्यूच्या वहीत नोंद नाही

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर मोजमापात आहे. रोगाचे महत्त्व आपण दीर्घकाळ मृत्यूंच्या संख्येवरून ठरवीत आलो. पटकी, क्षय, हृदयविकार माणसे मारतात. पाठदुखी मारीत नाही, ती नुसती माणसाला बसवून ठेवते. मृत्यूच्या वहीत तिची नोंदच होत नसल्याने ती क्षुल्लक ठरली. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने अकाली मृत्यूने गमावलेल्या वर्षांबरोबर अधूपणात काढलेली वर्षेही हिशेबात धरणारे माप वापरले, आणि चित्र पालटू लागले. २००० ते २०१० हे दशक जगभर 'अस्थि व संधी दशक' म्हणून पाळले गेले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७१ कोटी लोकांना या वर्गातील कोणता ना कोणता विकार आहे. एकट्या कंबरदुखीचे रोगी २०२० साली सुमारे ६१.९ कोटी होते, आणि जगात अधूपणाचे सर्वांत मोठे कारण तीच आहे.

फळ्यासमोर दिवसभर उभा राहणारा शिक्षक किंवा टेबलाशी वाकून बसणारा कारकून हे आकडे स्वतःच्या मणक्यावर पडताळून पाहू शकेल. त्याला निदान पगारी रजा आहे. उसाच्या फडात वाकलेल्या मजुराला किंवा बाजार समितीत पोते उचलणाऱ्या हमालाला ती सोय नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातील हमालाच्या मजुरीची आणि भविष्यनिर्वाह निधीची दखल घेतली, ही अभिमानाची गोष्ट. पण ज्या पाठीवर ती मजुरी उभी आहे ती पाठ हेच त्याचे एकमेव भांडवल आहे. कारखान्याचे यंत्र बिघडले तर त्यासाठी घसारा निधी असतो. मनगट चुकीचे जुळले तर त्याचा घसारा कोणी धरायचा?

आपल्याकडील हिशेब

अमेरिकेचे दाखले देऊन आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. आपल्या एम.बी.बी.एस. परीक्षेत अस्थिरोगशास्त्राला स्वतंत्र विषयाचे स्थान नाही. ते शल्यचिकित्सेच्या छत्राखाली येते. २०२१ च्या नियमांनुसार आंतरवासितेच्या ५२ आठवड्यांपैकी अस्थिरोग व पुनर्वसन या दोहोंना मिळून केवळ २ आठवडे येतात. त्यातच पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' परीक्षा डोळ्यांसमोर असते. तिच्यात २०० वस्तुनिष्ठ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा असा हिशेब असल्याने आंतरवासितेतील तरुण खाटेजवळ कमी आणि प्रश्नपेढीजवळ अधिक दिसला तर दोष कोणाचा? मनगटाच्या एका अस्थिभंगाला एब्राहम कॉलिस या आयरिश शल्यवैद्याचे नाव आहे, हे तो झोपेतही सांगेल. तो अस्थिभंग स्वतःच्या हाताने जुळवण्याची वेळ त्याच्यावर आली असेलच असे नाही.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी जे निरीक्षण मांडले, ते आज त्याच्या नावाने नियम म्हणून ओळखले जाते. एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, असा त्याचा आशय. अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेने, जी आपल्याकडील अनेक पदवीधरही देतात, याचा अनुभव घेतला आहे. पहिल्या टप्प्याच्या गुणांची जीवघेणी स्पर्धा थांबावी म्हणून जानेवारी २०२२ पासून तेथे केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल देणे सुरू झाले. दुसऱ्या टप्प्याचे गुण मात्र आकड्यांतच राहिले आणि स्पर्धा तिकडे सरकली. त्याहून उद्बोधक गोष्ट निराळीच आहे. या परीक्षेत रोग्याची भूमिका करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष तपासण्याचा एक भाग २००४ पासून होता. साथीमुळे तो २०२० मध्ये स्थगित झाला आणि २०२१ मध्ये कायमचा बंद करण्यात आला. तो खर्चिक होता, त्यात बहुतेक स्थानिक विद्यार्थी उत्तीर्णच होत, हे आक्षेप खरे आहेत. तरीही त्या परीक्षेत विद्यार्थ्याचा हात माणसाच्या अंगाला लागत होता तो एवढ्याच भागात.

स्वस्त ज्ञानाची किंमत

उजळणीची पुस्तके जाळावीत, असा याचा अर्थ नव्हे. चांगली उजळणी विस्कळीत ज्ञानाला शिस्त लावते. अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, त्यात आणखी भर कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून माझी सूचना भर घालण्याची नाही. आहे त्याची किंमत बदलण्याची आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ सालीच स्थानकवार प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली. विद्यार्थी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांत एक नेमके काम करून दाखवतो. ही पद्धत आपल्याकडेही परिचित आहे. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात खांदा तपासणे, अर्भकाचा खुबा पाहणे आणि प्लास्टर घालणे अशी तीन स्थानके अनिवार्य करावीत, आणि त्यांत उत्तीर्ण झाल्यावाचून पुढे जाता येऊ नये. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यात पुढाकार घेऊ शकेल. परीक्षकांचा वेळ लागेल हे खरे. पण तो खर्च कशाच्या मोबदल्यात, हेही पाहावे.

जन्मतः वाकड्या पावलाचे उदाहरण घ्या. सुमारे हजारात एका बालकाला हे व्यंग असते. आयोवा येथील इग्नासिओ पॉन्सेटी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर एक पद्धत सिद्ध केली. दर आठवड्याला हळुवारपणे पाऊल वळवून प्लास्टर बदलायचे, असे पाच-सहा वेळा. बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक छोटा छेद. मग चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री घालायचे विशेष बूट. त्यांनी १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि शस्त्रक्रियेच्या झगमगाटात ती तीन दशके उपेक्षित राहिली. तिला महागडे यंत्र लागत नाही. लागते ते पहिल्याच आठवड्यांत पाऊल ओळखून योग्य ठिकाणी पाठवणाऱ्या डॉक्टरचे जागे डोळे. ते असले की मूल इतरांसारखे शाळेत चालत जाते. नसले की त्याच्या वाट्याला आयुष्यभराचे लंगडेपण येते.

इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा परतावा देणारी गुंतवणूक अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. ती करण्यासाठी सरकारला नवे कर बसवावे लागणार नाहीत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आणि प्रात्यक्षिकाचे नियम लिहिणाऱ्यांनी, आपण कोणत्या रोग्यासाठी डॉक्टर घडवीत आहोत, एवढे स्वतःला विचारले तरी पुरे आहे.