समोरच्या गॅलरीतला शेजारी

थंडी ओसरू लागली की कोल्हापुरात दुपारच्या गप्पांचा विषय बदलतो. गुळाचा दर, सोन्याचा भाव आणि घरातील लग्नकार्य यांच्या जोडीला ‘आज मॅच कुणाची?’ हा प्रश्न येतो. चार वाजण्याच्या सुमारास मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, रविवार पेठ अशा जुन्या पेठांतून माणसांचे लोंढे छत्रपती शाहू स्टेडियमच्या दिशेने वाहू लागतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे येथे केवळ संघांची नाहीत. त्या नावांत माणसाचा पत्ता, बालपण आणि अभिमान सामावलेला असतो.

आमच्या लक्ष्मीपुरीतील दुकानात दोन माणसे कित्येक वर्षे शेजारी शेजारी काम करीत आहेत. एक शिवाजी पेठेतला, वयाने थोरला. दुसरा मंगळवार पेठेतला. आपापल्या पेठांच्या संघांचे ते कट्टर समर्थक. दोन्ही संघ समोरासमोर असले की तीन वाजताच दोघे रजा मागतात, एकाच मोटारसायकलवरून स्टेडियमपर्यंत जातात आणि आत शिरल्यावर दोन वेगळ्या गॅलऱ्यांत जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाचे पैसे ज्याचा संघ जिंकला त्याने द्यायचे, हा त्यांनीच ठरविलेला नियम. ‘हरलेल्याचं आधीच दुखलेलं असतंय, वर त्याच्या खिशाला कशाला हात घालायचा?’ असे थोरला म्हणतो.

काही वर्षांपूर्वी मात्र धाकटा कपाळाला पट्टी बांधून कामावर आला. सामना संपता संपता दोन्ही बाजूंनी घोषणा, मग बाटल्या आणि नंतर दगड सुरू झाले होते. दगड कोणी मारला हे कळले नाही. तो थोरल्याच्या गॅलरीतून आला होता, एवढे मात्र खरे. त्या संध्याकाळी थोरल्यानेच त्याला दवाखान्यात नेले आणि टाके घालून होईपर्यंत तो बाहेर बसून राहिला. घरी सोडताना धाकट्याच्या आईपुढे हात जोडून तो म्हणाला, ‘काकी, दगड माझा नव्हता, पण माणसं आमच्यातलीच होती. मला माफ करा.’ त्या माउलीने त्याला आत बोलावून जेवू घातले.

प्रतिस्पर्धी समर्थकांमधील आदराचा विचार मनात आला की मला ही दोन माणसे आठवतात.

तालमीचा वारसा

कोल्हापूरच्या फुटबॉलचा उगम समजून घेतला तर या आदराचे मूळही सापडते. येथील अनेक संघांच्या नावात ‘तालीम’ हा शब्द आहे. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पेठेपेठेतील तालमी या तरुणांच्या व्यायामाच्या आणि एकत्र येण्याच्या जागा होत्या. पुढे त्याच तालमींतील पोरांनी फुटबॉलला आपलेसे केले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या के.एस.ए.ची स्थापना झाली आणि या खेळाला शिस्तबद्ध स्वरूप आले. याच मातीतून घडलेला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघातून खेळला.

तालमीचे नाव घेतले की तालमीची रीतही आपोआप येते. लाल मातीतील कुस्ती पाहिलेल्यांना ती ठाऊक आहे. लढतीपूर्वी पैलवान एकमेकांचे हात मिळवतात. घामाने अंग निसटू नये, पकड नीट बसावी म्हणून ते एकमेकांच्या अंगाला माती लावतात. ज्याला चीत करायचे आहे, त्याच्या अंगावर आपल्याच हाताने माती घालायची आणि त्यालाही आपल्या अंगावर घालू द्यायची! लढत न्याय्य व्हावी ही दोघांचीही जबाबदारी आहे, असे त्या मूठभर मातीतून सांगितले जाते. कुस्ती निकाली झाल्यावर जिंकलेला हरलेल्याला जवळ घेतो, आणि जाणता प्रेक्षक चांगल्या लढतीबद्दल हरलेल्यालाही टाळ्या देतो.

फुटबॉलच्या मैदानावर खेळाडू आजही सामन्याआधी आणि नंतर हस्तांदोलन करतात. ही रीत गॅलरीत पोहोचताना मात्र कुठेतरी हरवली. आपल्या संघाला प्रोत्साहन देण्याऐवजी समोरच्या पेठेची उणीदुणी काढणे, मैदानातला राग रस्त्यावर आणणे, मोबाइलवरून रात्रभर एकमेकांना डिवचत राहणे असे प्रकार वाढले. हुल्लडबाजीमुळे सामने आणि स्पर्धा मध्येच थांबविण्याची वेळ या शहरावर आलेली आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचे खरे रसिक घरी बसले आणि वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंचा हंगाम वाया गेला.

कोलकात्याने मोजलेली किंमत

समर्थकांमधील वैर किती दूर जाऊ शकते, हे आपल्याच देशातील कोलकाता शहराने अनुभवले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा साखळी सामना होता. मैदानावर दोन खेळाडूंमध्ये झटापट झाली आणि तिचे लोण गॅलरीत पसरले. मारामारी आणि चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षकांचा जीव गेला. खेळ पाहायला म्हणून घरातून निघालेली सोळा माणसे परत आली नाहीत.

त्या शहराने हा दिवस विस्मरणात जाऊ दिला नाही. १६ ऑगस्ट हा तेथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि मृतांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर भरते. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, संघ लिहिलेला नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच शहरातील एका तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि तिच्या हत्येने देश हादरला, तेव्हा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा नियोजित सामना रद्द झाला. तरीही दोन्ही संघांचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि न्यायाची मागणी करीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी त्या संध्याकाळी एकाच शहराचे नागरिक होते.

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातही असेच घडले. तेथे लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे दोन जुने प्रतिस्पर्धी संघ आहेत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूलचे ९७ समर्थक मृत्युमुखी पडले. शेवटच्या जखमीने तर २०२१ मध्ये प्राण सोडला. दुर्घटनेनंतर आठवड्याने दोन्ही संघांच्या समर्थकांनी आपापले लाल आणि निळे गळपट्टे एकमेकांना बांधले आणि एका संघाच्या मैदानापासून दुसऱ्या संघाच्या मैदानापर्यंत, मधल्या बागेतून, जवळजवळ मैलभर लांब साखळी जोडली.

मात्र शेजाऱ्याची आठवण येण्यासाठी एवढ्या मोठ्या दुःखाची वाट का पाहावी?

बाजारपेठेतील शहाणपण

व्यापारी कुटुंबांना स्पर्धा नवी नाही. गुळाच्या सौद्यात दोन व्यापारी एकाच मालावर चढाओढीने बोली लावतात आणि दुपारी त्यांतील एकाला हातउसने पैसे लागले तर दुसरा देतो. गुजरीत समोरासमोर पेढ्या असतात. आपल्याकडे नसलेला दागिना समोर मिळेल, असे गिऱ्हाइकाला सांगणारे सराफ आपण पाहिले आहेत. समोरचे दुकान आहे म्हणून बाजार आहे आणि बाजार आहे म्हणून गिऱ्हाईक येते, हे त्यांना कळते. फुटबॉलचेही तसेच आहे. समोरचा संघ तगडा असतो म्हणूनच आपल्या विजयाला किंमत येते.

महापुराच्या दिवसांत हे अधिकच जाणवले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. त्या दिवसांत तालमींची पोरे माणसे हलवीत होती, जेवणाची पाकिटे पोहोचवीत होती. पाण्यात उभ्या असलेल्या कुटुंबाने आपल्याकडे आलेला हात कोणत्या पेठेचा आहे, हे विचारले नाही.

घरातून सुरुवात

आपल्या घरांतील मुलेही आज या गॅलऱ्यांत बसतात आणि त्यांनी बसावेच. पण दोन गोष्टी त्यांना घरातच सांगायला हव्यात. पहिली व्यवहाराची. हाणामारीत एकदा नाव आले आणि गुन्हा नोंद झाला की तो नोकरीच्या वेळी, पारपत्राच्या वेळी, चारित्र्य पडताळणीत पुन्हा पुन्हा समोर येतो. नव्वद मिनिटांच्या रागाची वसुली अशी वर्षानुवर्षे चालते, आणि कोर्टाच्या तारखांना गॅलरीतले कोणी सोबत येत नाही.

दुसरी गोष्ट मनाची. संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, तेव्हा जवळच्या माणसांची क्षमा मागणे सोपे असते. ज्याच्याशी आपली चुरस आहे, त्याच्यापुढे हात जोडणे अवघड. दवाखान्याच्या बाहेर बसून राहिलेल्या आमच्या थोरल्याने हा शब्द कदाचित ऐकलाही नसेल. पण न मारलेल्या दगडाची क्षमा त्याने मागितली.

करण्यासारख्या गोष्टी लहानच आहेत. समोरच्या संघाने सुरेख गोल केला तर टाळी द्यावी. जखमी खेळाडू बाहेर नेला जाताना घोषणा थांबवाव्यात. कुणाच्या आई-बहिणीचा उद्धार करणारी घोषणा सुरू झाली तर आपला आवाज तीत मिसळू नये. आणि सामना संपल्यावर राग मोबाइलवर उतरविण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

धाकट्याच्या कपाळावरील व्रण आता फिका झाला आहे. गेल्या हंगामात त्याचा संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा मागविला आणि थोरल्याचा हात बाजूला सारून पैसे दिले. मग दोघे वजनकाट्याकडे वळले. गाडी माल घेऊन दारात उभी होती.