कढईत पाणी का सुटतं?

खोपोलीच्या शिळफाट्यावर संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागल्या की भट्टीची घरघर रस्ता ओलांडून ऐकू येते. त्या आवाजाने एक समज लोकांच्या डोक्यात घट्ट बसवला आहे: मांसाच्या पट्ट्या आणि भाज्या अशा झटपट परतायच्या तर तसली भट्टीच हवी, घरच्या गॅसवर ते व्हायचं नाही. कर्जतला विचारा, खालापुरात विचारा, उत्तर ठरलेलं. ‘आमच्या गॅसला तेवढी आच कुठे? सगळं पाणीच सुटतं.’ पाणी सुटतं हे खरं. त्याचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते मात्र साफ चूक आहे, आणि त्या चुकीच्या कारणापायी माणसं शेगडी बदलतात, महागडी कढई आणतात आणि पुन्हा रश्शासारखंच काहीतरी ताटात वाढून घेतात.

आचेचं आधी बघू. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत घरात असो की गाडीवर, तिचं तापमान जवळपास सारखंच असतं. रिकामी लोखंडी कढई घरच्या मोठ्या बर्नरवर काही मिनिटं ठेवली तर अडीचशे अंशांच्या पुढे सहज जाते. मांसावर तो तपकिरी, खमंग थर चढायला १४० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. म्हणजे तापमानाची आपल्याकडे वानवा नाही. फरक आहे तो दर सेकंदाला किती उष्णता मिळते यात. घरचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॉटचा असतो, गाडीवरची भट्टी त्याच्या कितीतरी पट. घरगुती शेगडीसाठीचं भारतीय मानक, आयएस ४२४६, किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागतं. तेव्हा कढईत प्रत्यक्ष शिरणारी उष्णता सढळ हाताने धरली तरी दीड किलोवॉट.

आता पाण्याचा हिशेब. मांसात सुमारे ७५ टक्के पाणी असतं, कोबीत नव्वदच्या वर. शंभर मिलिलिटर पाणी, म्हणजे लहान वाटीभर, उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करायची तर साधारण २६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. दीड किलोवॉटने भागा: जवळजवळ तीन मिनिटं. तेवढा वेळ तळाशी पाणी साचलेलं असतं आणि ते असेपर्यंत तिथलं मांस शंभर अंशांच्या वर जात नाही. ते परतलं जात नाही, उकडलं जातं. उकडताना आक्रसतं आणि आणखी पाणी सोडतं. अर्धा किलो मांस आणि किलोभर चिरलेली भाजी एकदम कढईत लोटल्यावर दुसरं काही होणंच शक्य नाही. भट्टीवाल्यालाही पाणी सुटतंच, फक्त त्याच्याकडे ते सुटता सुटता उडून जातं.

मग घरी करायचं काय? कढईत एका वेळी कमी घालायचं. उपाय खरंच इतका साधा आहे आणि नेमका तोच कोणाला पटत नाही. अडीचशे ग्रॅम मांस दोन घाण्यांत परता. भजी आपण घाण्याघाण्याने तळतोच ना? तेल थंड पडू नये म्हणून. इथेही कारण तेच आहे. घाणा टाकण्याआधी कढई चांगली तापू द्या. दीड किलोची लोखंडी कढई दीडशे अंशांनी थंड होताना शंभर किलोज्यूल उष्णता परत देते, म्हणजे साठ-सत्तर सेकंदांचा गॅस आधीच गाठीला बांधलेला असतो. पातळ पत्र्याच्या हलक्या भांड्यात ही पुंजी नसते. नॉनस्टिक तर या कामाला वापरूच नका. त्याचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो.

दुसरी खोड आपल्या हाताची आहे. आपली भाजी वाफेवरची. फोडणी, भाजी, झाकण, झाकणावर पाणी, मंद आच. दुधी, पडवळ, पालेभाज्या यांना ही रीत उत्तम आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण इथे झाकण ठेवलं की उडालेली वाफ गार होऊन परत कढईत गळते. मीठ सुरुवातीला घातलं की ते भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. धुतल्या धुतल्या चिरलेली सिमला मिरची स्वतःसोबत चमचाभर पाणी घेऊन येते. म्हणून भाजी तासभर आधी धुऊन पंचावर पसरा, झाकण बाजूला ठेवा, मीठ आणि सोया सॉस शेवटी.

आता मांसाचं. इथे ते म्हशीचं धरलं आहे. ‘म्हशीचं मांस कडकच, ते कुकरलाच लावावं लागतं’ हे पायाच्या तुकड्याबद्दल खरं आहे, कारण त्यात चिवट संयोजी ऊती भरपूर असतात आणि त्या विरघळायला वेळ लागतो. परतण्यासाठी खाटकाकडे अंडरकट हा मऊ भाग मागा. अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून किंचित घट्ट झालं की मांसाच्या रेषांच्या आडवे, तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप करा. रेषांच्या दिशेने कापलं तर अख्खे लांब तंतू दाताखाली येतात, मग जगातली कुठलीही भट्टी ते मऊ करणार नाही. अडीचशे ग्रॅमला पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सोड्याने पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, तापल्यावर प्रथिनं एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत आणि आतलं पाणी आतच राहतं. सोडा भांड्यातल्या पाण्यात धुऊन टाका, नळाच्या धारेखाली नको, कारण शिंतोडे ओटाभर उडतात. मग कापडात दाबून खडखडीत कोरडं करा. चमचाभर सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडं तेल चोळा, की तयार.

कढईतून हलका धूर निघाला की दोन चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल लवकर जळतं, ते आपल्या आमटीला राहू द्या. निम्मं मांस पसरून घाला आणि पहिलं अर्धं मिनिट त्याला हात लावू नका. सतत हलवत राहणं हा गाडीवाल्याचा भट्टीवरचा नाइलाज आहे, घरी त्याने कढई थंडच पडते. उलटा, अजून अर्धं मिनिट, काढून ठेवा. दुसरा घाणा तसाच. मग आलं-लसूण, पाठोपाठ गाजर आणि फरसबी, मिनिटभराने सिमला मिरची आणि कोबी. मांस परत घाला, सॉस कढईच्या कडेने सोडा, कांद्याची पात भुरभुरा, गॅस बंद. कढई तापल्यापासून सात-आठ मिनिटं. गाडीवर तेलाचे थेंब ज्योतीत पेटून जो धुरकट वास येतो तो घरी पूर्ण येणार नाही, हे मान्य. पण त्यासाठी स्वयंपाकघरात कढई पेटवण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. पडद्याला आग लागायला तेवढं पुरतं.

‘पण हे मांस महाराष्ट्रात चालतं का?’ हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती अमलात आली तिने गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी घातली. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही. परवानाधारक दुकानातून घ्या. खात नसाल तर कोंबडीच्या पट्ट्या किंवा पनीर घ्या. पाण्याचा हिशेब तोच राहतो, पनीरला फक्त सोडा नको.

अजिनोमोटोबद्दलही सतत ऐकावं लागतं की ते विष आहे. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून अजिनोमोटोतलं ग्लुटामेट वेगळं केलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही असतं. भीतीची सुरुवात झाली ती १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका पत्राने. ते पत्र होतं, संशोधन नव्हे. पुढे २००० साली अमेरिकेत, आपल्याला याचा त्रास होतो असं स्वतःच सांगणाऱ्या १३० जणांवर, कोणाला काय दिलं हे कोणालाच कळू न देता चाचणी झाली. पुन्हा पुन्हा तपासल्यावर सातत्याने तीच लक्षणं दिसली नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळांच्या खाण्यात अजिनोमोटो घालू नये, एवढं खरं. आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी पाहायचं ते सोया सॉसच्या बाटलीकडे, मीठ तिथे आहे.

आचेबद्दल आणखी एक समज आहे. मोठ्या आचेवर मांसाची ‘छिद्रं बंद होऊन रस आत कोंडतो’ ही लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची १८४७ च्या सुमाराची कल्पना. पण मांस कढईत पडल्यापासून ऐकू येणारा चरचर आवाजच सांगतो की रस बाहेर येतोय. परततो ते चवीसाठी.



शेवटचं भाताचं, कारण यात माणसं आजारी पडतात. सोबत परतलेला भात करायचा म्हणून आदल्या रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवतात आणि ‘परतल्यावर सगळं मरतं’ म्हणतात. मरत नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही टिकतात, दमट हवेत रात्रभरात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्या घडवणारं विष परतण्याच्या आचेने नष्ट होत नाही. भात परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तो मोकळाही झालेला असतो आणि परतायला बरा.