गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एस.सी.सी. चाचणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या स्त्रिया बल्य व रसायन कल्पांसाठी आपणाकडे येतात, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत 'एस.सी.सी. अँटिजेन' या रक्तचाचणीचा अहवाल कधीकधी आढळतो. काटो व तोरिगोए यांनी १९७७ मध्ये वर्णिलेले हे प्रथिन स्क्वॅमस पेशींच्या अर्बुदात वाढते. प्रति मिलिलिटर १.५ नॅनोग्रॅम ही मर्यादा बहुधा मानली जाते.

एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. उपचारांनंतर उतरलेला आकडा लागोपाठच्या तपासण्यांत चढू लागला, तर व्याधीच्या पुनरुद्भवाची शंका घ्यावी. लक्षणांपूर्वी काही महिनेही ही वाढ दिसू शकते. उपचारांपूर्वीच आकडा प्राकृत असल्यास, किंवा अर्बुद अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारचे असल्यास, या चाचणीवर विसंबता येत नाही. सोरायसिस, एक्झिमा व वृक्काची अकार्यक्षमता यांतही हे प्रथिन वाढते. त्वचाविकाराचे रुग्ण आपणाकडे पुष्कळ, म्हणून हे विशेष ध्यानी ठेवावे.

आमच्या मते खरा धोका अन्यत्र आहे. अशा रुग्णेस एका पायास सूज आणि त्याच बाजूस कटीपासून खाली उतरणारी वेदना असेल, तर गृध्रसी समजून बस्ती योजण्यापूर्वी सोनोग्राफी करवून मूत्रमार्गाचा अवरोध व वृक्काची सूज पाहावी. ही तीन लक्षणे एकत्र आल्यास व्याधी श्रोणिभित्तीपर्यंत पसरल्याची दाट शंका असते. एस.सी.सी. प्राकृत असले तरी रुग्णेस विनाविलंब कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. कंबरदुखीसाठी वारंवार गुग्गुळ कल्प नेणाऱ्या स्त्रीस पूर्वीच्या आजाराविषयी औषधविक्रेते बंधूंनीही अवश्य विचारावे.