मागणी, कंत्राट आणि उत्पन्न : मध्यम संगणक-सेवा कंपन्यांतील गुंतवणुकीविषयी

‘मागणी पूर्ववत् होत आहे’ हे विधान भारतीय संगणक-सेवा कंपन्यांच्या तिमाही निवेदनांत वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी त्यातील ‘मागणी’ हा शब्द तीन भिन्न गोष्टींचा वाचक आहे : परदेशस्थ ग्राहकाने केलेली चौकशी, सही झालेले कंत्राट आणि प्रत्यक्ष हाती येणारे उत्पन्न. भागधारकाला पदरात पडते ते तिसऱ्यातून. भाव मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या वार्तेनेच चढतो.

कोफोर्ज या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२० पर्यंत एनआयआयटी टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने मार्च २०२५ मध्ये सेबर या अमेरिकी प्रवास-तंत्रज्ञान कंपनीशी १५६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. हा आकडा कंपनीच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाच्या तोडीचा होता. तथापि करार तेरा वर्षांचा आहे. सरासरीने वर्षाला १२ कोटी डॉलर, म्हणजे तत्कालीन उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के. हेच १२ कोटी टाटा कन्सल्टन्सीच्या सुमारे ३,००० कोटी डॉलरच्या वार्षिक उत्पन्नात मिळविले, तर जेमतेम ०.४ टक्के भर पडते. मध्यम कंपनीचे सारे आकर्षण या भाजकात आहे, आणि धोकाही त्यातच. एम्फसिसच्या उत्पन्नाचा मोठा भाग एके काळी ह्यूलेट-पॅकार्डकडून येत असे. तो ओघ आटू लागला तेव्हा अन्य ग्राहक जोडण्यात कंपनीची कित्येक वर्षे गेली.

नफ्याची गती उत्पन्नाच्या गतीहून निराळी असते. मंदीत कामावाचून बसलेल्या अभियंत्यांना या व्यवसायात ‘बेंचवर’ असलेले म्हणतात. मागणी वाढू लागली की प्रथम हीच माणसे कामाला लागतात; वेतन पूर्वीपासून चालूच असल्याने वाढीव उत्पन्न बहुतांशी नफ्यात जाते. बेंच रिकामा झाल्यावर मात्र माणसे बाजारातून चढ्या वेतनावर घ्यावी लागतात. तेजीच्या अखेरीस, जून २०२२ च्या तिमाहीत, इन्फोसिससारख्या बलाढ्य कंपनीतील नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. नवपदवीधरांच्या मोठ्या तुकड्या शिकवून तयार करण्याची ऐपत नसलेल्या कंपनीला अशा काळाची झळ अधिक लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा कारणमीमांसेचा आहे. २०२४-२५ मध्ये इन्फोसिसचे उत्पन्न स्थिर विनिमयदराने ४.२ टक्के वाढले. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे डॉलरमधील उत्पन्न त्याच वर्षी सुमारे १९ टक्के वाढले. अर्थात् ही वाढ मागणी पूर्ववत् होण्याची वाट पाहत बसली नव्हती; एकूण बाजार मंद असतानाही तिने आपला वाटा वाढविला. मग मागणी सुधारल्यास या कंपन्यांचा वेग त्याच प्रमाणात वाढेल, हे गृहीत कशाच्या आधारे धरावयाचे? मोठ्या कंपन्यांनाही तेव्हा कामे मिळू लागतील, हा भाग वेगळाच.

भावाचे गणित तर अधिकच कठोर. नफ्याच्या पन्नासपट भावाने समभाग घेतला, चार वर्षांत नफा दुप्पट झाला, आणि बाजाराने पुढे पंचवीसपटच भाव दिला, तर चार वर्षांनी समभागाची किंमत जेथल्या तेथेच असते. वाढीचा अंदाज तंतोतंत खरा ठरूनही, लाभांश वगळता, गुंतवणूकदाराच्या हाती काहीच पडत नाही.