रोटरी म्हणजे नेमकं कसं फिरणारं?



मागे वर्गात ‘रोटरी’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ मी ‘फिरणारा’ एवढाच सांगितला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने वाक्य लिहून आणलं, ‘माय फादर इज अ रोटरी मॅन.’ विचारलं तर म्हणाला, “सर, पप्पा कांदा घेऊन कधी विंचूरला, कधी लासलगावला फिरतात ना!” चूक त्याची नव्हती, माझी होती.

मराठीत चाक फिरतं, माणूस गावभर फिरतो आणि वारासुद्धा फिरतो. ‘रोटरी’ मात्र आसाभोवती चाकासारखं गोल फिरणाऱ्या वस्तूलाच लागतं. लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणजे चाक. आपला ‘रथ’ शब्दही त्याच मुळातला.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे रोटाव्हेटर. त्याची पाती आडव्या दांड्यावर गोल फिरतात आणि ढेकळं फोडतात, म्हणून ते रोटरी यंत्र.

वापर लक्षात ठेवा:

१) यंत्राचा प्रकार सांगायचा तर ‘रोटरी’. उदा. रोटरी इंजिन.

२) क्रिया चालू आहे असं सांगायचं तर ‘रोटेटिंग’. ‘द फॅन इज रोटरी’ नको, ‘द फॅन इज रोटेटिंग’ म्हणा.

३) भूगोलात रोटेशन म्हणजे परिवलन (स्वतःभोवती), रिव्होल्यूशन म्हणजे परिभ्रमण (दुसऱ्याभोवती). पण रोजच्या इंग्रजीत हा भेद पाळला जात नाही. रिव्हॉल्विंग चेअर स्वतःच्याच दांड्यावर फिरते आणि आरपीएममधला ‘आर’सुद्धा रिव्होल्यूशनचाच! म्हणून मुलं गोंधळली तर लगेच लाल शेरा मारू नका.

४) रोटरी क्लबमध्ये मात्र फिरते ती पाळी. 1905 साली शिकागोत क्लब सुरू झाला, तेव्हा सभा आळीपाळीने सभासदांच्या कचेरीत भरत. त्यावरून हे नाव.

पालकांसाठी एक महत्त्वाचं. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा नेहमीचा वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. ओढणी किंवा शर्टाचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. यंत्रावर इंग्रजीत ‘रोटेटिंग’ असा इशारा दिसला, तर मुलाला तो वाचता आणि समजता आला पाहिजे.

आता मी अर्थ आधी सांगत नाही. वस्तू दाखवून विचारतो, “यात आस कुठंय?” मुलांनी आसावर बोट ठेवलं की पुढचं त्यांना आपोआप समजतं.